चालतील ना जुन्या लेन्स?

मागच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये टीममधल्या एका मुलाने विचारलं, "फुल फ्रेम घेतोय. सेकंडहँड डी७५० मिळतोय, कंडिशन मस्त आहे. माझ्या जुन्या लेन्स चालतील ना त्याच्यावर?" माझ्या तोंडात वडापाव होता. मी मान हलवली आणि कसंबसं म्हणालो, "चालतील की." तो खूश होऊन गेला. मला मात्र तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे. 'चालतील' हे उत्तर खोटं नाही, पण ते 'कोड कंपाईल होतोय' अशा जातीचं उत्तर आहे. कंपाईल होतोय हो, पण चालल्यावर काय दिवे लावणार आहे ते कोण सांगणार?

शिवाय हीच चूक मी स्वतः तीन वर्षांपूर्वी करून बसलोय. त्यामुळे आज शनिवारचा मुहूर्त साधून, त्याला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहून टाकतो.

ज्यांना फुल फ्रेम आणि क्रॉप प्रकरण माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल ओलांडावा. बाकीच्यांसाठी: फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर. हे माप आभाळातून पडलेलं नाही. ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमचं हे माप, जे लायकाने १९२५ पासून रुळवलं. डिजिटल आलं तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं प्रचंड महाग होतं, म्हणून १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये साधारण २४ बाय १६ मिमीचा सेन्सर आला. त्याला निकॉनवाले डीएक्स म्हणतात, फुल फ्रेमला एफएक्स. आता गंमत अशी की लेन्स चौकोनी चित्र कधीच टाकत नाही. भिंतीवर टॉर्चचा झोत पडावा तसं ती सेन्सरवर गोल चित्र टाकते आणि सेन्सर त्या गोलातून आपला आयत कापून घेतो. फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिमी, म्हणजे गोल निदान तेवढा हवा. डीएक्सचा कर्ण २८ मिमी, त्यामुळे तिथे लहान गोल पुरतो. लहान गोल म्हणजे लहान काच, लहान काच म्हणजे कमी वजन आणि कमी किंमत. तुमच्या-माझ्या पहिल्या कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ एवढी हलकी आणि स्वस्त असते त्याचं हे एक मोठं कारण. ती मोठ्या सेन्सरसमोर लावली की गोल कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. बस्स, एवढीच भानगड आहे.

या भानगडीवर दोन कंपन्यांनी दोन अगदी वेगळी उत्तरं काढली. कॅननने २००३ साली ३००डी बरोबर ईएफ-एस लेन्स आणल्या. त्यांचा मागचा भाग कॅमेऱ्यात जास्त आत जातो. फुल फ्रेम डीएसएलआरचा मोठा आरसा वर-खाली होताना त्यावर आपटेल, म्हणून कॅननने त्या लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावर बसूच नयेत अशी सोय केली. लेन्सवर पांढरा चौकोन, कॅमेऱ्यावर फक्त लाल ठिपका. जुळवायला काही नाहीच, विषय संपला. (मागचा भाग कानशीने घासून लेन्स बसवणारे महाभाग आहेत. कृपया त्यांच्यात जाऊ नका. सिग्मा, टोकिना वगैरेंच्या क्रॉप लेन्स कॅननच्या फुल फ्रेमवर बसतात, कारण त्यांचा माउंट साधा ईएफच असतो.)

निकॉनची गोष्ट वेगळी. त्यांचा पहिला फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा, डी३, आला २००७ मध्ये. म्हणजे डी१ नंतर तब्बल आठ वर्षं निकॉनवाल्यांनी छोट्या सेन्सरवर काढली, आणि २००३ पासून डीएक्स लेन्सही घेतल्या. या सगळ्यांना 'आता त्या फेकून द्या' म्हणणं परवडणारं नव्हतं. म्हणून डी३ आणि त्यानंतरच्या एफएक्स डीएसएलआर कॅमेऱ्यांत डीएक्स लेन्स बसते, कॅमेरा ती ओळखतो आणि आपण होऊन सेन्सरचा फक्त मधला तुकडा वापरतो. शिवाय मेनूत जाऊन हे आपोआप कापणं बंदही करता येतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असली बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी दिसली की डोळे पाणावतात :)

पण जुनं चालवून घेण्याची किंमत कोणीतरी भरतंच. इथे ती सेन्सर भरतो.

माझं उदाहरण घ्या. माझ्याकडे डी५३०० होता, डीएक्सचा, २४ मेगापिक्सेलचा. त्याबरोबर १८-५५, ५५-२०० आणि ३५ मिमी एफ/१.८ अशा तीन लेन्स. बोनस आला, डोक्यात फुल फ्रेमचं वारं शिरलं, डी५३०० विकला आणि सेकंडहँड डी७५० घेतला. हाही २४ मेगापिक्सेल. लेन्स सावकाश घेऊ, तोपर्यंत जुन्या 'चालतील'. आता बघा काय झालं ते. डी७५० वर १८-५५ लावली की कॅमेरा ६०१६ बाय ४०१६ ऐवजी ३९३६ बाय २६२४ पिक्सेलचा फोटो देतो. म्हणजे १० मेगापिक्सेल. सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, त्यातले वापरात जेमतेम ३७०. ज्या काचेच्या तुकड्यासाठी मी पैसे मोजले त्याचा ५७ टक्के भाग नुसता बसून राहणार. फोटोतलं दृश्य तेवढंच, जेवढं डी५३०० वर दिसायचं. मागचं धूसर होणं तेवढंच. अंधारात येणारा दाणेदारपणाही जवळपास तसाच, कारण उजेड गोळा करणारी जागा तेवढीच. वजन मात्र ३०० ग्रॅमने जास्त. थोडक्यात काय, तर मी २४ मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा विकून १० मेगापिक्सेलचा तसाच, पण जड कॅमेरा विकत घेतला होता. वर घरी सगळ्यांना पेढे वाटले होते.

ऑटोफोकस चांगला झाला, दोन डायल मिळाले, हे मान्य. डीएक्स क्रॉपमध्ये एक अनपेक्षित फायदाही आहे. डी७५० चे ५१ फोकस पॉइंट सगळे मध्यभागी दाटीवाटीने बसलेत, ते छोट्या फ्रेममध्ये जवळजवळ कडेपर्यंत पोचतात. पण व्ह्यूफाइंडरमधून बघताना मध्ये आखलेल्या चौकटीतच काय ते बघायचं, म्हणजे खिडकीतल्या खिडकीतून लग्न बघितल्यासारखं.

लग्नावरून आठवलं. आठवलं कसलं, खरं तर त्याचसाठी हे लिहायला बसलोय.

कॅमेरा घेतल्यावर महिन्याभरात मामेबहिणीचं लग्न होतं, साताऱ्याला. मी १८-५५ लावून दिवसभर फोटो काढले. स्टेजवर घरच्यांचा एक ग्रुप फोटो, मधोमध खुर्चीत आजोबा. चांगला आला होता, सगळ्यांना पाठवला, मोबाईलवर झकास दिसला. पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले. दोन दिवसांनी मामाचा फोन आला, "भिंतीवर लावायला फोटो पाहिजे. तुझ्याकडे असेल ना एखादा चांगला, एवढा मोठा कॅमेरा घेतलायस तू." लग्नाला फोटोग्राफर होता खरा, पण त्याच्या सगळ्या फोटोंत आजोबा कोणाच्या ना कोणाच्या फेट्यामागे. मी ग्रुप फोटो उघडला आणि त्यातून आजोबांना कापून काढायला लागलो. चेहऱ्याची रुंदी भरली २६० पिक्सेल. १२ बाय १८ इंचाच्या फ्रेममध्ये चेहरा साडेतीन इंचाचा धरला तर इंचाला ७४ पिक्सेल. डोळ्यांच्या जागी नुसते डाग. विकून टाकलेल्या डी५३०० ने हाच फोटो ह्याच लेन्सने काढला असता तर चेहरा ४०० पिक्सेलचा असता. तोही काही फार ग्रेट नाही, पण भिंतीवर चार फुटांवरून बघायला चालला असता. हा हिशोब मी त्या रात्री दोनदा करून बघितला. उत्तर बदललं नाही.

मग बाकीचे फोटो चाळताना एक उभा फोटो सापडला. दुपारी जेवणं झाल्यावर आजोबा मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसले होते, मी समोरच बसलो होतो आणि ३५ मिमी लावून मेनूशी खेळत होतो. त्या खेळात आपोआप क्रॉप होणं बंद केलेलं होतं. त्यामुळे तो फोटो पूर्ण २४ मेगापिक्सेलचा होता, चेहराच हजारभर पिक्सेलचा. कोपरे मात्र काळवंडलेले, मागचा मांडवाचा पांढरा कपडा चारही बाजूंनी राखाडी होत गेलेला. मी तसाच पेन ड्राइव्हवर टाकून स्टुडिओत नेला. स्टुडिओवाले काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "कोपरे डार्क केलेत ते बरं केलंत. हल्ली आम्हाला मुद्दाम करून द्यावे लागतात." मी काहीच बोललो नाही. तो फोटो आज मामाच्या हॉलमध्ये आहे.

आता ही ३५ मिमीची करामत काय आहे ते सांगतो, कारण 'डीएक्स लेन्स टाकाऊच' असा समज करून घेतलात तर तेही चूक. २००९ साली आलेली निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स लेन्स कागदोपत्री छोट्या सेन्सरची, पण तिचा गोल गरजेपेक्षा बराच मोठा आहे. फुल फ्रेमवर ती जवळजवळ सगळी जागा भरते, फक्त कोपरे अंधारतात. त्यातही बारकावे आहेत. जवळचा विषय फोकस केला की गोल थोडा मोठा होतो, म्हणून समोर बसलेल्या माणसाच्या फोटोत काळोख कमी आणि दूरच्या डोंगराच्या फोटोत जास्त. छिद्र मोठं ठेवलं, एफ/२ वगैरे, की काळोख हळूहळू मऊ उतरतो. एफ/११ वर नेलंत की त्याचीच कड धारदार होते, जणू कोपऱ्यात कोणी बोट ठेवलंय. म्हणजे नेहमीचा 'छिद्र लहान करा, कोपरे सुधारतील' हा सल्ला इथे उलटा पडतो. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं आणि मग ते लेन्सला शिव्या देतात.

आणि डी७५० च्या मेनूत एक १.२ नावाची सोय आहे, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. ती सेन्सरचा ३० बाय २० मिमीचा तुकडा वापरते आणि ५००८ बाय ३३३६, म्हणजे साडेसोळा मेगापिक्सेलचा फोटो देते. ३५ मिमी लावून हा पर्याय घेतला की काळे कोपरे जवळपास निघून जातात आणि हातात साधारण ४२ मिमीची लेन्स असल्यासारखं दृश्य येतं. दहा आणि चोवीस यांच्यामधला हा सौदा मला सगळ्यात आवडतो. माझ्या कॅमेऱ्यावर वर्षभर हेच सेटिंग होतं.

काही वाइड झूमही अशाच दगा न देणाऱ्या आहेत. टोकिनाची ११-१६ एफ/२.८ ही १६ मिमीला फुल फ्रेम भरते. निकॉनची पहिली डीएक्स लेन्स, २००३ सालची १२-२४ एफ/४, साधारण १८ मिमीच्या पुढे भरते. म्हणजे झूम म्हणून नव्हे, पण एका जागी थांबवून वापरली तर एक बरी वाइड लेन्स फुकटात मिळाली समजा.

फुकटात न मिळणारी गोष्ट म्हणजे लांब पल्ला. "डीएक्स क्रॉप केलं की २०० मिमीची ३०० होते" हे वाक्य मी भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकलंय. काही होत नाही हो! लेन्स २०० चीच राहते, फक्त कॅमेरा कडा कापून देतो. तेच काम घरी येऊन माऊसने करता येतं, आणि तेही पक्षी फ्रेममध्ये नेमका कुठे आहे ते बघून. फायदा एवढाच की फाइल लहान होते. पक्ष्यांचेच फोटो काढायचे असतील तर २४ मेगापिक्सेलचा डीएक्स कॅमेरा विकू नका, उलट तोच ठेवा. डी७५० त्या कामात तुमच्या जुन्या कॅमेऱ्यापुढे मार खातो.

हे सगळं मी २४ मेगापिक्सेलबद्दल बोलतोय. ज्यांच्याकडे डी८५० आहे, म्हणजे ४५ मेगापिक्सेल, त्यांना डीएक्समध्येही १९ मिळतात. २०१९ च्या सोनी ए७आर ४ मध्ये ६१ चे २६ उरतात. तिथे क्रॉप लेन्स लावणं म्हणजे एका बॉडीत दोन कॅमेरे बाळगण्यासारखं आहे, माझी काही तक्रार नाही. पण ज्याच्या खिशात त्या बॉडीचे पैसे आहेत तो मला कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना गाठणार नाही.

मिररलेसवाल्यांसाठी एक छोटी गंमत. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी फुल फ्रेम मिररलेस आणले आणि भूमिका अदलाबदल झाल्या. कॅननच्या ईओएस आर वर अ‍ॅडॉप्टर लावून ईएफ-एस लेन्स बसतात, आरसाच नाही तर आपटणार काय? निकॉनच्या झेड मालिकेत मात्र डीएक्स लेन्स लावली की क्रॉप होणारच, बंद करायची सोय काढून टाकली. म्हणजे माझी ३५ मिमी झेड६ वर लावली तर ती निव्वळ डीएक्स लेन्स, काळे कोपरे नाहीत आणि २४ मेगापिक्सेलही नाहीत. वापरणाऱ्याला अक्कल नसते असं गृहीत धरून बटण काढून टाकणं, हे आमच्याही क्षेत्रात रोज चालतं.

तर मुद्द्यावर येतो. लोकांना वाटतं की पर्याय दोनच: एक तर जुन्या डीएक्स झूम लावून दिवस काढा, नाहीतर लाखाच्या घरातली २४-७० एफ/२.८ ईएमआयवर घ्या. मीही तसंच समजत होतो. पण फुल फ्रेमचं माप हे फिल्मचं माप आहे, हे वर लिहिलंच. मग फिल्मच्या काळात निकॉनने बनवलेल्या लेन्स कोणत्या मापाच्या असतील? निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आहे. आणि डी७५० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, जी डी५३०० मध्ये नव्हती. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या एएफ-डी लेन्स यावर ऑटोफोकससकट चालतात. (झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने त्या बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. तिथे ही युक्ती अर्धीच.)

माझ्या १८-५५ आणि ५५-२०० विकून आलेल्या पैशांत ५० मिमी एफ/१.८डी आली. पुढच्या महिन्यात वर थोडे टाकून २८-१०५ एफ/३.५-४.५डी घेतली, फिल्मच्या जमान्यातली. फोकस करताना कर्रर्र आवाज करते, समोर सूर्य आला की चित्र धुवट होतं, पूर्ण उघडी ठेवली तर कोपरे मऊ. पण सेन्सर सगळा वापरते. शिवाय तिच्यात मॅक्रोचं एक बटण आहे, ते लावलं की निम्म्या आकारापर्यंत जवळ जाता येतं. सप्टेंबरात कासला सीतेच्या आसवांसमोर पालथं पडून मी त्याचा पुरेपूर वसूल केला. अशा लेन्स घेताना एकच काळजी घ्या: मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा. मुंबई-कोकणातल्या कपाटात दहा पावसाळे काढलेली काच कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

ज्याची बॉडी आधीच येऊन पडली आहे त्याने महिना-दोन महिने जुन्या लेन्स लावल्या तर काही बिघडत नाही, त्यात लाजण्यासारखंही काही नाही. फक्त तेवढ्या काळात काढलेला प्रत्येक झूमचा फोटो दहा मेगापिक्सेलचा आहे हे ध्यानात ठेवायचं, आणि घरातलं म्हातारं माणूस समोर असेल तर झूम काढून ३५ लावायची. मला स्वतःला परत तीच संधी मिळाली तर मी क्रम उलटा करीन: आधी ५० मिमी, मग २८-१०५, आणि बॉडी सगळ्यात शेवटी. ५० तेवढी डीएक्सवर हाताने फोकस करत वापरली असती, काय मोठंसं.

त्या मुलाला सकाळी मेसेज टाकलाय, "बॉडीचे पैसे दिलेस का?" अजून उत्तर नाही. दिले असतील तर सोमवारी त्याला ३५ मिमी घेऊन ये म्हणणार आहे, १.२ चा मेनू कुठे लपलाय ते दाखवायचंय. दिले नसतील तर माझी २८-१०५ आठवडाभर वापरून बघ म्हणेन. कर्रर्र आवाजासकट.